कपाटांतले सामुराई

जपानांतील सेंदाई शहरीं झुइहोदेन नांवाची समाधि आहे. दाते मासामुने या बलाढ्य सरदाराचा देह १६३६ सालीं निधनानंतर तेथें ठेवण्यांत आला. मूळ इमारत १९४५ च्या बाँबवर्षावांत जळाली. पुढें पुनर्बांधणीपूर्वीं १९७४ त उत्खनन झालें, तेव्हां सांपडलेल्या अस्थींवरून मासामुनेची उंची १५९.४ सेंटिमीटर असल्याचें ठरलें. आतां हाच मासामुने बाजारांत एक-षष्ठांश प्रमाणांत मिळतो. हिशेबानें ही मूर्ति साडेसव्वीस सेंटिमीटरांची भरावी. पेटींतून निघते ती बहुधा तिसांची, म्हणजे सहा फूट उंचीचा मासामुने! कारण उघड आहे. चिलखताच्या आंतलें हालत्या सांध्यांचें धड बहुतेक वीरांना एकच वापरतात, आणि त्या धडाचा पूर्वज अमेरिकन शिपाई आहे. 'जी. आय. जो' हा बारा इंची शिपाई हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ त काढला. मुलगे बाहुली घेणार नाहींत या धास्तीनें तिला 'ॲक्शन फिगर' असें नवें नांव देण्यांत आलें, व तेंच पुढें या सबंध जातीस चिकटलें.

खेळण्याकडे असला हिशेब कोणी मागत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. आमच्या दिवाळींतल्या किल्ल्यावरील मातीचा मावळा तटाहून उंच असतो. त्याला प्रमाण विचारणारा अरसिकच म्हणावा लागेल. परंतु त्या मावळ्याचा तसा दावाहि नसतो. ज्या मूर्ति 'ऐतिहासिक' म्हणून विकल्या जातात, ज्यांची किंमत मध्यम स्थितींतल्या कुटुंबाच्या महिन्याच्या वाणसामानाहून अधिक असते, आणि ज्या कांचेच्या कपाटांत राहून घरांतल्या मुलाचें जपानविषयक पहिलें पुस्तक बनतात, त्यांची परीक्षा पुस्तकाप्रमाणेंच व्हावयास हवी.

गुणांचें माप प्रथम पदरांत घालूं. चिलखताच्या बाबतींत उत्तम कारागीर खरोखर अभ्यास करतात. जपानी चिलखत म्हणजे लोखंडाच्या किंवा कातड्याच्या, लाखेचा लेप दिलेल्या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनीं एकमेकींस ओवून केलेलें वस्त्रच. रंग दिसतो तो बहुतांशीं या दोऱ्यांचा. स्वस्त मूर्तींत हे दोरे प्लास्टिकच्या सांच्यांतूनच उमटवितात, आणि मग वीर कासवासारखा दिसूं लागतो. चांगल्या मूर्तींत खरे दोरे हातानें ओवलेले असतात, पट्ट्या धातूच्या असतात, व हात उचलला कीं खांद्यावरची ढाल आपल्या भारानें मागें सरकते. ही हालचाल पाहिली म्हणजे हें चिलखत असेंच कां घडलें तें विनाशब्द समजतें. शंभर चित्रें पाहून जें कळत नाहीं तें येथें बोटांना कळतें. संग्रहाच्या छंदाचें खरें समर्थन आमच्या मतें एवढेंच आहे, आणि तें कमी नाहीं.

काळाचें भान मात्र सर्वत्र सारखें नाहीं. ओ-योरोई हें घोड्यावरून बाण मारणाऱ्या योद्ध्याचें, पेटीच्या घाटाचें चिलखत. मिनामोतो योशित्सुनेच्या बाराव्या शतकास तें शोभतें. १५४३ त तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीजांच्या बंदुका उतरल्या, पायदळाच्या प्रचंड फौजा उभ्या राहूं लागल्या, आणि अखंड पत्र्यांचें, आटोपशीर 'तोसेइ-गुसोकु' रूढ झालें. या दोहोंची सरमिसळ करणाऱ्या मूर्तीस ऐतिहासिक म्हणणें धाडसाचें आहे. याहून साधी कसोटी तरवारीची. 'ताची' कमरेला टांगतात, धार खालीं. 'काताना' पट्ट्यांत खोंवतात, धार वर. कारागिरानें ही गोष्ट नीट केली तरी संग्राहकच कपाटांत मांडतांना ती उलटी करतात. पेटींतील कागद वाचण्याचा आळस, दुसरें काय!

पुन्हां मासामुनेकडे वळूं. त्याच्या शिरस्त्राणावरील सोनेरी चंद्रकोर बहुतेक मूर्तींत सुरेख उतरली आहे. तिचीं दोन टोंकें सारखीं नाहींत; तरवार उगारतांना हात अडूं नये म्हणून एक टोंक आंखूड ठेवलें, असें सांगतात. हा बारकावा साधणारे कारागीर त्याच वीराच्या डोळ्यावर पट्टी बांधतात! लहानपणीं देवी येऊन त्याचा उजवा डोळा गेला होता हें खरें. पण तो पट्टी बांधीत असे यास समकालीन आधार नाहीं, ती विसाव्या शतकांतील चित्रपटांची देणगी आहे. उलट आपल्या प्रतिमेंत दोन्ही डोळे दाखवावे अशी त्याचीच इच्छा असल्याचें म्हणतात. तेव्हां ही मूर्ति शिरस्त्राणापुरती इतिहासाची व चेहऱ्यापुरती पडद्याची झाली.

एक गोष्ट आमच्या वाचकांस जवळची वाटेल. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयचें १५८८ तील पत्र घेऊन वालिन्यानो हा जेझुइट पाद्री १५९१ त तोयोतोमी हिदेयोशीस भेटला. नजराण्यांत युरोपी चिलखतेंहि होतीं. तें पत्र क्योटोच्या म्योहो-इन मंदिरांत अद्याप जपलेलें आहे. युरोपी वक्षस्त्राणास जपानी बाह्या व झालरी जोडून केलेलीं 'नानबान' चिलखतें त्या सुमारास सरदारांनीं हौसेनें वापरलीं. असें मिश्र चिलखत घातलेली मूर्ति क्वचितच दिसते. गिऱ्हाइकाला सामुराई निर्भेळ हवा असतो. सामुराईला स्वतःला त्याची फिकीर नव्हती.

निंजाच्या बाबतींत तर सारा प्रकार मुळापासूनच निराळा आहे. हें नांवसुद्धां या उच्चारानें अलीकडेंच रूढ झालें. जुना शब्द शिनोबी. 'शोनिन्की' हा १६८१ चा ग्रंथ त्याच्या वेषाची चर्चा करतो ती गर्दींत मिसळण्याच्या दृष्टीनें: तपकिरी, काळा, गर्द निळा असे रंग, कारण चारचौघांत तेच असतात. वेषांतरें सांगितलीं आहेत तीं फिरत्या व्यापाऱ्याचीं, बौद्ध भिक्षूचीं, यामाबुशी तपस्व्याचीं, डोंबाऱ्याचीं. बरोबर न्यावयाच्या सहा वस्तूंत वेताची टोपी, आंकड्याचा दोर, लिहिण्याची पाटीपेन्सिल, औषध, विस्तवाचें साधन आणि तीन फुटी पंचा! डोळ्यांपुरती फट ठेवलेला काळा पोषाख चित्रांतून व नाटकांतून आला. होकुसाईच्या १८१७ तील रेखाचित्रांत दोरावर चढणारी तशी आकृति आहे. सरळ पात्याची 'निंजा तरवार' तर विसाव्या शतकांतलीच. हात्तोरी हान्झो हा तोकुगावा इएयासूचा भालाईत सरदार. त्यालाहि दुकानदारांनीं काळा बुरखा चढविला आहे.

म्हणून आम्हांस १९८४ चा 'स्टॉर्म शॅडो' अधिक प्रामाणिक वाटतो. हॅस्ब्रोचा हा चार इंचांहून लहान, पांढऱ्या कपड्यांतला निंजा इतिहासाची शपथ घेत नाहीं. तसाच बांदाई कंपनीचा सामुराई-वेषांतला डार्थ व्हेडर: त्या खलपुरुषाच्या मूळ शिरस्त्राणावरच जपानी छाया होती, ती कारागिरानें घरीं परत नेली. त्यांतली गंमत उघड आहे, फसवणूक नाहीं.

जपानी घरांत पांच मे रोजीं मुलांसाठीं योद्ध्यांच्या बाहुल्या व चिलखतें मांडण्याची चाल फार जुनी आहे. त्या बाहुल्यांचे सांधे हालत नाहींत. सण सरला कीं त्या पेटींत जातात, त्यामुळें रेशीमहि विटत नाहीं. आमच्या संग्राहकांनीं एवढें तरी उचलावें, कारण उन्हाच्या खिडकीशीं मांडलेल्या मूर्तीचे तांबडे दोरे कांहीं वर्षांत फिक्के पडतात. संग्रह नव्यानें करणाऱ्यानें सात-आठ मूर्ति घेण्यापेक्षां दोऱ्यांनीं ओवलेलें एक चिलखत घ्यावें व उंचीचा दोष चालवून घ्यावा. निंजाचा कप्पा आम्ही असतों तर तूर्त रिकामाच ठेवला असता. डोक्यावर वेताची टोपली पालथी घालून बांसरी वाजवीत चाललेला कोमुसो भिक्षु कोणी घडवील, तोंपर्यंत.