पडदा उघडण्याआधीचं निवेदन

१९७० साली विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ रंगमंचावर आलं, तेव्हा राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं घोडं एका डागावर अडलं. सख्खे भाऊ बहिणीच्या पोटात लाथा घालतात आणि ती रक्ताळलेल्या साडीनिशी प्रेक्षकांसमोर येते, असा तो प्रसंग. लाल डाग नको, असं मंडळाचं म्हणणं पडलं. दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डाग निळा केला आणि प्रयोग सुरू होण्याआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की पुढे जो निळा डाग दिसेल, तो कृपया लाल समजावा. एरवी जो डाग काही क्षण दिसून गेला असता, त्याची आता अख्खं नाट्यगृह पहिल्या अंकापासून वाट पाहू लागलं. मंडळाच्या अटीचं तंतोतंत पालन झालं होतं आणि अट पार हास्यास्पद ठरली होती.

दहा वर्षांनी, १९८० मध्ये, तेंडुलकरांचंच ‘घाशीराम कोतवाल’ युरोपच्या दौऱ्यावर निघालं. नाना फडणविसांची बदनामी परदेशात नको म्हणून गदारोळ उठला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि तडजोडीतून आणखी एक निवेदन जन्माला आलं. नाना हे थोर मुत्सद्दी होते आणि प्रेक्षक आता पाहणार आहेत तो इतिहास नव्हे, अशा अर्थाचा खुलासा त्या प्रयोगांआधी करायचा. जर्मनीतल्या ज्या प्रेक्षकानं नानांचं नावही कधी ऐकलं नव्हतं, त्याच्यासाठी नानांच्या अब्रूची ही तजवीज!

निवेदनं दोन, पण त्यांची जात वेगळी. पहिलं रंगकर्मीनं रचलं आणि त्यात मंडळाची फिरकी होती. दुसरं त्याच्या तोंडी घातलं गेलं. गेल्या पन्नास वर्षांतल्या मराठी रंगभूमीचा आणि ‘भावना दुखावल्या’ या तक्रारीचा संबंध पाहायचा तर बंदी घातलेल्या नाटकांच्या यादीपेक्षा ही निवेदनंच अधिक बोलकी आहेत. पहिल्या जातीची निवेदनं आता ऐकू येत नाहीत. दुसऱ्या जातीची इतकी सवयीची झाली आहेत की तिसऱ्या घंटेनंतर मोबाइल बंद करण्याच्या विनंतीला जोडूनच ती उरकली जातात.

नाटकाचा धाक सरकारला जुनाच. १८७६ मध्ये कलकत्त्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीवर बेतलेल्या एका प्रहसनानं इंग्रज अधिकारी चिडले आणि त्याच वर्षी नाट्यप्रयोग कायदा झाला. मराठीत त्या काळाचं ठळक उदाहरण म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’. १९०७ साली ते रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, तिच्यावर कुणी काय आक्षेप घेणार? पण कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, सबुरीचा सल्ला देणारा धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. सरकारला मात्र ते पुरतं उमगून बंदी घालायला १९१० साल उजाडलं. खाडिलकर ‘केसरी’त टिळकांचे सहकारी होते, उघड लिहिण्याची किंमत काय असते ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणून त्यांनी पुराणाचा आडोसा घेतला आणि त्या आडोशानं नाटक बळकट केलं.

यावरून सेन्सॉरशिप कलेला धार लावते असा निष्कर्ष काही जण काढतात. तो घाईचा आहे. खाडिलकरांच्या समोर एकच प्रतिपक्षी होता आणि तो कुठे बसतो, काय वाचतो, कशाला भितो हे ठाऊक होतं. आजच्या नाटककाराला आपल्या नाटकानं नेमकं कोण, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या पोलीस ठाण्यात दुखावला जाणार याचा पत्ताच नसतो. सरकारला चुकवता येतं. अनोळखी तक्रारदाराला चुकवायचं तर सगळंच गाळावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर नाटकाची चाळणी मुंबई पोलीस कायद्याच्या छत्राखाली आली. १९५१ च्या या कायद्यातल्या अधिकारावर परिनिरीक्षण मंडळ उभं आहे. संहिता आधी सादर करायची, सदस्यांनी ती वाचायची, खटकेल ते खोडायचं आणि मग प्रमाणपत्र द्यायचं. ज्या नियमांखाली हे चालतं, त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे. नाटक ही मुळात बंदोबस्ताची बाब, हे यातून वेगळं सांगायला नको. १८७६ चा कायदा अलाहाबाद उच्च न्यायालयानं १९५६ मध्येच घटनाबाह्य ठरवला होता आणि पुढे संसदेनं तो मोडीतही काढला. महाराष्ट्रातली पूर्वतपासणी मात्र टिकून राहिली. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

आता प्रमाणपत्राचा उपयोग तरी काय, हे पाहू. ‘सखाराम बाइंडर’ १९७२ च्या मार्चमध्ये आलं. दिग्दर्शक कमलाकर सारंग, सखाराम निळू फुले, चंपा लालन सारंग. लग्नाविना बायका घरात ठेवणारा, मृदंग वाजवणारा, शिवराळ आणि आपल्या परीनं सचोटीचा हा बुकबाइंडर मध्यमवर्गाला सोसेना. मोजक्या प्रयोगांनंतर बंदी आली. सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या लढाईची हकिकत त्यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पण कोर्टात जिंकलेलं नाटक थिएटरच्या दारात पुन्हा जिंकावं लागतं, हा धडाही याच नाटकानं दिला. निकालानंतरही विरोध थांबला नाही. न्यायमूर्तींना पटलं म्हणून दारात उभ्या असलेल्या जमावाला पटतं असं नाही.

‘घाशीराम’चंही तसंच. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, डॉ. मोहन आगाशे यांचा नाना आणि पुढे-मागे होणारी ती माणसांची भिंत. एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं ते थांबवलं, आणि थांबवलं ते सरकारनं नव्हे, संस्थेनंच. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि नाटक पुन्हा सुरू झालं. आज त्या भांडणाकडे पाहताना एक गोष्ट खटकत राहते. नाटक नानांपेक्षा सत्तेनं पोसलेल्या घाशीरामांबद्दल जास्त बोलत होतं. वाद मात्र अवघा नानांच्या चारित्र्यावर झाला. दुखावलेल्या भावना नाटकाचा विषयच बदलून टाकतात. प्रयोग संपल्यावर चर्चा काय असावी, हे मग प्रेक्षक ठरवत नाहीत.

भावना दुखावण्याचा हा खेळ एकाच पक्षाचा किंवा एकाच विचाराचा, असं मानणाऱ्यांनी ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ आठवावं. प्रदीप दळवींचं हे नाटक १९९८ मध्ये आलं, शरद पोंक्षे नथुराम. संसदेत गदारोळ झाला आणि राज्यात युतीचं, केंद्रात भाजपप्रणीत आघाडीचं सरकार असताना प्रयोग थांबवले गेले. २००१ मध्ये उच्च न्यायालयानं बंदी उठवली. हे नाटक तर्कात एकांगी आहे. मारेकऱ्याला व्यासपीठ देऊन समोर तोलामोलाचा प्रश्नकर्ता उभा न करणं हा त्याचा नाट्यगुणांतलाच दोष आहे. पण हे म्हणायचं तर आधी ते पाहता यायला हवं. बंदीनं त्याला हौतात्म्य मिळालं आणि समीक्षेला बसायला जागा उरली नाही. ‘सखाराम’च्या बाजूनं उभं राहायचं आणि ‘नथुराम’च्या वेळी मान वळवायची, असं ज्यांनी केलं त्यांनी बंदीवाल्यांचंच काम सोपं केलं.

कायद्याच्या पुस्तकात ‘भावना’ शिरल्या त्याची गोष्ट लाहोरची आहे. ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेचा प्रकाशक १९२७ मध्ये उच्च न्यायालयात सुटला, कारण त्या वेळच्या कलमात ते प्रकरण बसत नव्हतं. त्याच वर्षी दंडसंहितेत २९५ अ आलं. विधिमंडळातल्या चर्चेत बॅरिस्टर जिनांनी प्रामाणिक टीकाकाराला आणि अभ्यासकाला संरक्षण राहिलं पाहिजे असं बजावलं होतं, म्हणून कलमात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं’ ही अट पडली. सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये कलम वैध ठरवलं तेही याच अटीच्या भरवशावर. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ क्रमांकानं नांदतं आहे. घटनेच्या १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची जी कारणं दिली आहेत, त्यांत सुव्यवस्था आहे, सभ्यता आहे, नीतिमत्ता आहे. ‘भावना’ हा शब्द तिथे नाही.

अडचण अशी की हेतू तपासला जातो खटल्यात आणि माणूस उचलला जातो त्याच्या कितीतरी आधी. हा गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. न्यायालयानं खटल्याची दखल घ्यायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. अटकेला लागत नाही. चाळणी आहे, पण ती पीठ दळून झाल्यावर लावलेली.

२ फेब्रुवारी २०२४ ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांनी परीक्षेचा भाग म्हणून एक नाटुकलं केलं. रामलीलेत काम करणाऱ्या नटांचं पडद्यामागचं जग, थट्टेच्या अंगानं. नाटकातलं नाटक हा रंगभूमीचा जुना डाव. मुकुट घातलेल्या नटानं विडी ओढली की हसू येतं ते मुकुट आणि विडी यांच्या अंतरामुळे. एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग उधळला. दुसऱ्या दिवशी अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. पुढे जामीन मिळाला. लिखाण कच्चं होतं की पक्कं, हा प्रश्न परीक्षकांनी सोडवायचा होता. तो ठाणे अंमलदाराकडे गेला.

आणि देवाच्या थट्टेचंच म्हणाल, तर तमाशा पाहा. गण झाला की गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण अडवतो, आणि त्यांच्यातली मावशी त्याला असं काही फैलावर घेते की देवाची पार भंबेरी उडते. समोर बसलेल्यांत वारकरीही असतात, माळकरीही. ते पोट धरून हसतात आणि सकाळी हरिपाठ म्हणतात. विठ्ठलाला शिव्याशाप देणाऱ्या जनाबाईंच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला देवाशी असं भांडणं म्हणजे सलगीच वाटते. मावशीचे हजरजबाबी टोले कुठल्याही संहितेत सापडत नाहीत, गावागणिक ते बदलतात. लिहिलेल्या नाटकाची पूर्वतपासणी करणारी यंत्रणा या कलेला कधीच नीट हाताळू शकली नाही. पण त्याच संवादाचा अर्धा मिनिटाचा व्हिडिओ उद्या कुणी मोबाइलवर काढून ठाण्यात नेला तर मावशीला कोण सोडवणार?

संतोष पवारांच्या लोकनाट्याच्या धाटणीच्या विडंबन-नाटकांचा मूळ जीव याच गवळण-बतावणीत आहे. त्यांच्या ‘आम्ही पाचपुते’च्या वेळी, ४ जून २००८ ला, ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये बॉम्बस्फोट झाला. माणसं जखमी झाली. २०११ मध्ये दोघांना शिक्षा झाली. इथे कायद्यानं आपलं खरं काम केलं. विनोद तपासला नाही, बॉम्ब तपासला. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात हीच दिशा दाखवली होती. जमाव चिडेल म्हणून अभिव्यक्ती थांबवणं हा सरकारचा उपाय असू शकत नाही. जमावाला आवरणं हे त्याचं कर्तव्य आहे, असा त्याचा आशय. पण त्याच न्यायालयानं २०१५ मध्ये वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात ऐतिहासिक आदरणीय व्यक्तींसाठी अश्लीलतेची कसोटी अधिक कडक केली. मुद्रक-प्रकाशकाला माफीनाम्यामुळे मोकळीक मिळाली, कवीला खटल्याला सामोरं जायला सांगितलं. काव्यात गांधी हे प्रतीक म्हणून वावरतात की व्यक्ती म्हणून, हा खरं तर वाचनाचा प्रश्न.

मग कायद्याला काहीच मर्यादा नको का? हवी, आणि ती ओळखायला फार अवघड नाही. वस्तीकडे बोट दाखवून जमाव पेटवणं, धमकावणं, एखाद्या दलित माणसाला चारचौघांत जातीवरून हिणवणं, यांत दुखापत जिवंत माणसाला होते आणि तिच्यामागे सत्तेचं वजन असतं. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यासाठीच आहे. त्याला आणि ‘आमच्या इतिहासपुरुषाबद्दल असं का बोललात’ या तक्रारीला एकाच तागडीत घालणं ही शुद्ध चलाखी आहे. पुतळ्याची अब्रू आणि माणसाची अब्रू एकच मानली की माणसाचीच स्वस्त होते.

थोर पुरुषांवर धाडसी नाटक होऊच शकत नाही असंही नाही. राजकुमार तांगडेंचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ २०१२ मध्ये जालन्याच्या कलावंतांनी उभं केलं, दिग्दर्शक नंदू माधव, संकल्पना आणि संगीत संभाजी भगतांचं. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण त्यांचे विचार जिरेटोपात मागेच राहतात आणि तो टोप बसेल असं डोकं शोधत तो हिंडतो. थट्टा आहे, शाहिरी आहे, महाराजांच्या नावानं दुकान मांडणाऱ्यांची हजेरी आहे. हे नाटक गाजलं, महाराष्ट्रभर फिरलं. त्यात लेखकांची चतुराई आहेच, पण हे महाराज आपले आहेत अशा हक्कानं ते बोलतात, म्हणून प्रेक्षकानं त्यांना दाद दिली. तालमीच्या खोलीत आज असं दुसरं नाटक वाचलं जातं तेव्हा निर्माता पहिल्यांदा कुठलं पान उलटून पाहतो, हे मात्र कुणा नाट्यव्यवस्थापकालाच विचारावं. संवाद किती कापले गेले याची नोंद मंडळाच्या दफ्तरात सापडू शकते. मंडळाकडे जाण्याआधी लेखकानं स्वतःच किती खोडले, त्याची वही कुणाकडेच नाही.