लिओनार्दोचं बाळ आणि गायीची वार

गुडघे पोटाशी घेऊन उघडलेल्या गर्भाशयात बसलेलं बाळ: लिओनार्दो दा विंचीचं हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलंच असेल. साधारण १५११ सालचं हे पान आज विंडसरच्या राजसंग्रहात आहे. आपण ते 'काळाच्या किती पुढे!' असं म्हणत शेअर करतो. मीही केलंय.

पण बाळावरून नजर काढून गर्भाशयाच्या भिंतीकडे बघा. तिथली वार सुट्या-सुट्या गाठींची आहे. अशी वार गायीला असते. माणसाची वार एकच, चकतीसारखी. म्हणजे माणसाचं बाळ गायीच्या गर्भाशयात ठेवलंय! आणि रेष दोन्हीकडे तितकीच ठाम. काय डोळ्यांनी पाहिलं आणि काय गृहीत धरलं, हे चित्र सांगत नाही. माझी तक्रार चुकीबद्दल नाही, या ठामपणाबद्दल आहे.

याउलट हृदयाची पानं बघा. तिथेही प्राणीच आहे, बैल. पण महाधमनीच्या झडपेपाशी रक्ताचे भोवरे होतात आणि तेच झडप मिटायला मदत करतात, असं त्याला वाटलं, तेव्हा तो नुसतं चित्र काढून थांबला नाही. काचेचा साचा करायचा, त्यातून पाणी सोडायचं, पाण्यात गवताचं बी टाकून प्रवाह बघायचा, ही योजनाच त्यानं लिहून ठेवली. विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी भोवऱ्यांची ती कल्पना खरी ठरवली. ही पानं गर्भाच्या चित्राइतकी देखणी नाहीत, पण शास्त्राच्या दृष्टीनं मला जास्त मोठी वाटतात, कारण इथे आपलं म्हणणं तपासायची वाटही दिलेली आहे.

मग शरीरशास्त्राला त्याचं योगदान किती? त्या काळापुरतं बोलायचं तर फार थोडं. १५१०-११च्या हिवाळ्यात त्यानं मार्कांतोनियो देल्ला तोर्रे या प्राध्यापकाबरोबर काम केलं. १५११मध्ये तो प्लेगनं गेला. पुस्तक झालंच नाही. १५४३मध्ये वेसालियसचा ग्रंथ छापून आला. त्यावर लोक भांडले, त्यातल्या चुका काढल्या, आणि विषय पुढे सरकला. लिओनार्दोची पानं मात्र शतकानुशतकं बहुतेक बंदच राहिली. 'अहो, ही वार गायीची आहे' असं त्याला सांगणारं कुणी भेटलंच नाही.

माझ्याही लॅपटॉपवर एक ड्राफ्ट दोन वर्षं पडून आहे, अजून 'परफेक्ट' व्हायचाय म्हणून. त्यात कुठे गाय आहे, ते मला एकटीला दिसणार नाही. या आठवड्यात पाठवते.