इंग्रजी शब्द मोजले, पण ते इंग्रजी होते का?

'इंडोनेशियन लेखकांच्या सोशल मीडियावरच्या भाषेतले इंग्रजी शब्द' हा विषय पीएचडीच्या प्रस्तावासाठी फार सोयीचा दिसतो. पोस्ट फुकट मिळतात, लिपी रोमन. शब्द मोजायचे, नाम-क्रियापद असे कप्पे पाडायचे, टक्केवारी काढायची आणि शेवटी 'जागतिकीकरणाचा प्रभाव' लिहून मोकळं व्हायचं. मी विज्ञान शाखेची, भाषाशास्त्राची नाही. पण मोजमाप हे माझं रोजचं काम आहे, आणि या साच्यात नेमकं तेच कच्चं आहे.

शब्द इंग्रजी आहे हे ठरवलं कसं? संगणकाला इंग्रजी शब्दयादी दिली की 'आयर' (पाणी), 'जाम' (तास), 'सोरे' (संध्याकाळ) हे रोजचे इंडोनेशियन शब्द तो इंग्रजीत जमा करतो, कारण त्यांचं रोमन स्पेलिंग एअर, जॅम, सोअर यांचंच आहे. खरी गंमत 'दारिंग'ची. 'ऑनलाइन' टाळता यावा म्हणून 'दालम जारिंगान', म्हणजे 'जाळ्यात', यावरून हा शब्द घडवला. स्पेलिंग मात्र इंग्रजी 'डेअरिंग'चं! म्हणजे जो लेखक इंग्रजी टाळतोय, त्याच्याच खात्यावर इंग्रजी चढणार. उलट 'पोलिसी', 'स्तासियुन' हे शब्द इंग्रजीसारखे वाटले तरी डचमधून आलेले आहेत.

आता इव्हान लानिन घ्या. इंग्रजी शब्दांना इंडोनेशियन पर्याय सुचवणारा लेखक म्हणून ट्विटरवर त्याची ओळख आहे; 'झेनोग्लोसोफिलिया' हे त्याचं 2018 चं पुस्तक याच विषयावर आहे. 'डाउनलोड'ला 'उन्दुह' म्हणा (मुळात जावानीज शब्द, फळ झाडावरून उतरवणं) असं कुणी लिहिलं, तर तो 'डाउनलोड' वापर झाला की नुसता उल्लेख? मोजणीत दोन्ही सारखेच. तेच दक्षिण जकार्ताच्या पोरांच्या 'विच इज', 'लिटरली'चं. लेखक ते बरेचदा टिंगल म्हणून लिहितो.

मला विचारण्यासारखा वाटतो तो प्रश्न वेगळाच आहे: शब्दाला काय चिकटलंय? मराठीत आपण 'फॉलो करणे' म्हणतो, क्रियापद वेगळं जोडतो. इंडोनेशियनमध्ये प्रत्यय थेट शब्दालाच लागतो: 'दि-फॉलो' (फॉलो केलं गेलं), 'ङे-ट्वीट' (ट्वीट करणं), 'पोस्टिंगान' (टाकलेली पोस्ट). पहिल्या दोहोंत बरेच जण मधे जोडरेघ देतात, म्हणजे शब्द परका आहे ही जाणीव शिल्लक आहे. 'पोस्टिंगान' सरळ सलग लिहितात. शिवाय 'ङे-' हा प्रमाण भाषेतला प्रत्यय नव्हे, जकार्ताच्या बोलीतला. म्हणजे 'ङे-ट्वीट' लिहिणारा लेखक इंग्रजीकडे जितका झुकलाय तितकाच बोलीकडेही. टक्केवारीच्या तक्त्यात हे कुठे दिसणार? आणि त्याच तक्त्यावरून लेखकांना भाषा बिघडवणारे ठरवलं जातं.

हा विषय घेणार असाल तर प्रस्तावात हाताने तपासणीसाठी वेळ मागून घ्या. 200 पोस्ट, दोन तपासनीस, त्यातला एक तरी इंडोनेशियन मातृभाषेचा. मार्गदर्शक म्हणतील, हे सॉफ्टवेअर करेल की! तेव्हा त्यांना 'दारिंग' दाखवा.