कुलूप, किल्ली आणि जाहीरनामा
(शालेय ग्रंथालयांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याची चिकित्सा)

शालेय ग्रंथालयांविषयी जगभर जे दस्तऐवज निघाले, त्यांत सर्वाधिक आधार घेतला जातो तो १९९९ च्या जाहीरनाम्याचा. ग्रंथालय-संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 'इफ्ला' आणि युनेस्को यांनी मिळून तो काढला. मजकूर थोडका आहे. ग्रंथालय शाळेतल्या सर्वांसाठी असावे, वय, वंश, लिंग, धर्म, भाषा यांवरून भेद होऊ नये, सेवा विनामूल्य असावी, सरकारने त्यासाठी कायदा व निधी द्यावा, असे त्यात म्हटले आहे. हे सारे अपेक्षितच. परंतु तो संहिता म्हणून वाचू लागल्यावर मला वेगळी गोष्ट जाणवली. या जाहीरनाम्याच्या केंद्रस्थानी पुस्तक नाही, खोलीही नाही, ग्रंथपाल आहे. प्रशिक्षित, शाळेच्या कर्मचारीवर्गात स्थान असलेला, शिक्षकांबरोबर बसून अभ्यासाची आखणी करणारा माणूस. तो आहे असे धरूनच बाकीची कलमे उभी राहतात.

आता आपल्याकडची संहिता पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला एक अनुसूची जोडलेली आहे. शाळेत काय काय हवे याची ती यादी. तिच्यात शिक्षकांची संख्या, इमारत, कामाचे दिवस, तास, अध्यापन साहित्य अशा क्रमाने सहाव्या क्रमांकावर ग्रंथालय येते. त्यानंतर खेळाचे साहित्य. प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके देणारे ग्रंथालय असावे, असे तिथे सांगितले आहे. पहिल्या कलमात मुख्याध्यापक आहे, विषय-शिक्षक आहेत, शंभरांहून अधिक मुले असलेल्या उच्च प्राथमिक शाळेसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशकही आहेत. ग्रंथपाल मात्र कुठेच नाही. ग्रंथालय आहे, पण ते चालवणारे कोणी नाही, अशी ही वाक्यरचना आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर कर्ता लोपलेला.

'गोष्टीची पुस्तके' हे दोन शब्द कायद्यात आले, याचे श्रेय मात्र द्यायला हवे. इफ्लाची २००२ ची मार्गदर्शक तत्त्वे या बाबतीत कोरडी आहेत. नॉर्वेच्या टोव्हे पेम्मर सेत्रे आणि ब्रिटनच्या ग्लेनिस विलार्स यांनी संपादित केलेल्या त्या पुस्तिकेत आकडे दिले होते: विद्यार्थ्यामागे दहा पुस्तके, लहानातल्या लहान शाळेतही निदान २,५०० साहित्यप्रती, त्यांतला किमान ६० टक्के भाग अभ्यासक्रमाशी निगडित माहितीपर पुस्तकांचा. ज्या घरात मूल हेच पहिले वाचणारे माणूस, तिथे ही साठ-चाळीसची वाटणी उलटी करावी असे मी म्हणेन. पण खरी अडचण त्याहून खोल आहे. विद्यार्थ्यामागे दहा पुस्तके आणायची कुठून?

नॉर्वेला हा प्रश्न तितकासा पडत नाही, कारण त्याचे उत्तर त्या देशाने आधीच दिलेले आहे. पन्नास-पंचावन्न लाख लोकवस्तीच्या त्या देशात १९६५ पासून सरकारी खरेदी योजना आहे. नव्या ललित पुस्तकांच्या हजारभर प्रती सांस्कृतिक परिषद विकत घेते आणि सार्वजनिक ग्रंथालयांना वाटते. लहान भाषेतही मुलांसाठी लिहिणे, चित्रे काढणे, छापणे परवडते ते अशा आधारामुळे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषकांची संख्या आठ कोटींच्या वर आहे, आणि आपल्याकडे बालसाहित्याच्या हजार प्रतींची आवृत्ती संपायला किती वर्षे लागतात हे कोणत्याही प्रकाशकाला विचारावे. तत्त्वे सीमा ओलांडून आली, त्यांच्या पायाखालची योजना मागेच राहिली. जाहीरनामा भाषाभेद करू नका असे सांगतो. ज्या भाषेत पुस्तकच नाही तिच्याविषयी काय करावे, हे त्यातून कळत नाही.

नेपाळचे उदाहरण इथे बोलके आहे. मायक्रोसॉफ्टमधले अधिकारी जॉन वुड १९९८ साली लामजुंग जिल्ह्यात भटकंतीला गेले असता एका शाळेचे ग्रंथालय त्यांना दाखवण्यात आले. त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की मोजकी पुस्तके होती, तीही गिर्यारोहकांनी मागे टाकलेली: एक इंग्रजी प्रणयकादंबरी, उंबेर्तो एकोची इटालियनमधली जाड कादंबरी, मंगोलियाची प्रवास-मार्गदर्शिका. आणि ती कपाटात कुलूपबंद होती, कारण मुलांनी खराब केली तर? वुड यांनी मित्रांकडून इंग्रजी बालपुस्तके गोळा केली, ती डोंगरात पोचवली, आणि २००० साली 'रूम टू रीड' ही संस्था उभी राहिली. या कथेचा पूर्वार्ध जगभर सांगितला जातो. मला उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी पुस्तके पोचल्यावर काही वर्षांतच संस्थेला स्थानिक लेखक-चित्रकार शोधून नेपाळीत पुस्तके काढावी लागली. दान देणाऱ्याला प्रकाशक व्हावे लागले. परदेशी मदतीच्या इतिहासात इतकी प्रामाणिक दिशाबदल थोड्या ठिकाणी दिसते.

आपल्याजवळचा दाखला याहून जुना आहे आणि त्याची आठवण मराठी वाचकाला हवी. १९०६ साली सयाजीराव महाराज अमेरिकेत गेले, तिथली ग्रंथालये त्यांनी पाहिली. त्याच सुमारास बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते आणि शिकलेली मुले पुन्हा निरक्षर होऊ नयेत ही चिंता होती. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना बोलावले. बोर्डन सुमारे तीन वर्षे राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, त्यात मुलांचा विभाग आला, लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यांत जाऊ लागली. पण १९११ मध्ये त्यांनी बडोद्यात ग्रंथपालांसाठी वर्ग काढला, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते. पाहुणा परतला तेव्हा मागे शिकलेली माणसे होती. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी पुढे ती धुरा वाहिली. 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. ग्रंथपालनाची मराठी परिभाषा घडू लागली ती महाराष्ट्राबाहेर, एका अमेरिकन माणसाच्या येण्याने!

हे निकष आजच्या सहकार्याला लावून पाहावेत. शालेय ग्रंथपालांची जागतिक संघटना १९७१ मध्ये जमैकात स्थापन झाली (त्याच वर्षी आपल्याकडे बालभारतीचे 'किशोर' सुरू झाले, हा योगायोग मला आवडतो). ही संघटना ऑक्टोबर हा शालेय ग्रंथालय महिना म्हणून साजरा करते. देशोदेशीची मुले हाताने केलेल्या पुस्तकखुणा एकमेकांना पाठवतात. उपक्रम गोड आहे. पण खूण ठेवायला पुस्तक हवे. त्याच महिन्यात आपण १५ तारखेला वाचन प्रेरणा दिन करतो, छायाचित्रे काढतो आणि १६ तारखेला कपाट बंद होते. त्यापेक्षा 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेले 'स्टोरीवीव्हर' मला आशादायक वाटते. गोष्टी खुल्या परवान्याने दिलेल्या, कोणीही भाषांतर करावे, छापावे. इथे देवाणघेवाणीची दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे अशी एकेरी राहत नाही. तक्रार आहे ती भाषांतरांच्या मराठीबद्दल: चित्रे सहज प्रवास करतात, वाक्ये मात्र कधीकधी हिंदीचा सदरा घालूनच येतात.

आणि कुलूप? ते नेपाळातच नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत, नाव लिहीत नाही, पुस्तक देवघेवीची वही वर्षभराची होती, पण सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत केलेल्या दिसत होत्या. पुस्तके कोरी करकरीत. गुरुजींना दोष देणे सोपे आहे. त्यांची बाजू अशी की पुस्तके त्यांच्या नावावर, बदली झाली की मोजून ताबा द्यायचा, एखादे कमी भरले तर जाब त्यांना. फाटलेले पुस्तक यादीतून काढायला निर्लेखनाचा प्रस्ताव, त्याला वरची मंजुरी. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी ५,००० ते २०,००० रुपये अनुदान आहे, पण फाटण्याची परवानगी कोणत्याच शीर्षाखाली नाही. जाहीरनामा सार्वजनिक ग्रंथालयांशी सहकार्य आवश्यक मानतो. आपल्याकडे शाळा एका खात्याकडे आणि १९६७ च्या कायद्याखालची अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालये दुसऱ्या खात्याकडे. एकाच गल्लीत असूनही दोघांचा पत्रव्यवहार मंत्रालयातून फिरून येणार.

आंतरराष्ट्रीय पुस्तिका जीर्ण पुस्तके वेळोवेळी काढून टाका असे सहजपणे सांगतात. त्या वाक्याचे मराठी भाषांतर करताना ताबा-यादी, निर्लेखन आणि बदली हे तीन शब्द त्यात कुठे बसवायचे, ते आधी ठरवावे लागेल.