झलकारीचा उखाणा

वृंदावनलाल वर्मांची ‘झाँसी की रानी’ ही १९४६ ची हिंदी कादंबरी आपल्याकडच्या बऱ्याच मराठी घरांत असते. लोक ती लढाईसाठी वाचतात. मला तिच्यातला हळदीकुंकवाचा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो.

चैत्राची गौर बसली आहे. गावातल्या बायका राणीकडे आल्यात, त्यांत कोरी समाजाची झलकारी आहे. नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ येते. नवरा पूरन. झलकारी पौर्णिमेच्या चंद्राचा आडोसा घेऊन, तेही बुंदेलीत, नाव सुचवते. म्हणजे उखाणाच की! वर्मा मऊरानीपूरचे, झाशीत वकिली करणारे. मराठी घरातला सण त्यांनी घेतला आणि त्यात कोरी बाईला तिच्या बोलीत बोलू दिलं. लाजते, पण बोलायचं ते बोलते. कीव नाही, घोषणा नाही.

गाडी अडते ती खुद्द राणीपाशी. माहेरची तांबे, सासरची नेवाळकर, बालपण बिठूरला बाजीरावांच्या आश्रयातलं. घरची भाषा मराठीच. कादंबरीत मात्र ती स्वच्छ खडी बोली बोलते. हिंदी वाचकाला कळायला हवं, हे मान्य. पण राणी रागावल्यावर कुठल्या भाषेत रागावते, दासीला काय म्हणून हाक मारते, एवढं तरी दाखवता आलं असतं. झलकारीला जीभ मिळाली, राणीची मात्र गेली. पुढे टीव्ही मालिकांनी त्यावर नथ चढवली, दोन ‘अगं बाई’ टाकले, झाली मराठी राणी.

हे म्हणताना आपलं दप्तरही तपासावं. १८५८ च्या वेढ्यात झाशीत असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडश्यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेतल्या यज्ञाची बातमी ऐकून ते निघाले होते. लूट, आग, पाण्याचे हाल, राणीची दिनचर्या, सगळं डोळ्यांपुढे उभं करतात. पण नजर भिक्षुकाची. दक्षिणा, जेवण, सोवळं याभोवती फिरणारी. भटजींवर माझा आक्षेप नाही, ते कादंबरी लिहीत नव्हते. आक्षेप नंतरच्या आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर आहे. मी वाचल्या त्यांत बुंदेलखंडी माणूस येतो तो शिपाई नाहीतर नोकर म्हणून, आणि ‘जी हुजूर’च्या पलीकडे त्याला वाक्य नसतं. त्याच्या घरी सण असेल, त्याची बायकोही नाव घेताना अडखळत असेल, हे कुणाला सुचत नाही. दीडदोनशे वर्षं शेजारी राहूनसुद्धा!

अमृतलाल नागरांनी गोडसेभटजींना ‘आँखों देखा ग़दर’ म्हणून हिंदीत नेलं. उलट दिशेने काय आलं? मंडळाच्या पुढच्या बैठकीत वर्मांचं ते प्रकरण मोठ्याने वाचावं अशी माझी सूचना आहे. झलकारीची वाक्यं मात्र बुंदेली घरात वाढलेल्या कुणाला तरी बोलावून वाचून घ्यावीत. आपण वाचली तर ती पुन्हा खडी बोलीच होतील.