आवडीची उतरंड

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील काही युवक-युवतींनी एक खेळ मांडला होता. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या पाच पाश्चात्त्य रॉक व पॉप कलावंतांची नावे क्रमवार लिहायची. एक कागद आमच्याही हाती देण्यात आला. खेळ दहा मिनिटांत संपला; आमचा कागद मात्र टेबलावर तसाच राहिला आहे.

पहिल्या झटक्यात आम्ही सर्वांत वर बॉब डिलनचे नाव लिहिले. २०१६ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळालेला गीतकार. त्याच्या नावाला कोण हरकत घेणार? मग स्वतःला विचारले, गेल्या वर्षभरात आपण डिलन किती वेळा ऐकला? उत्तर लाजविणारे होते. त्याची गीते आम्ही वाचली आहेत, त्यांविषयी चार लोकांत बोललोही आहोत. पण दिवसाची कामे आटोपून एकटे बसलो असताना ती लावावीशी वाटलेली नाहीत. आदर वेगळा, आवड वेगळी. डिलनचे नाव खोडले.

जाणकारांच्या याद्या तरी कोठे स्थिर असतात? अमेरिकेतील 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकाने २००३ साली पाचशे सर्वश्रेष्ठ आल्बमची यादी दिली, तीत बीटल्सचा 'सार्जंट पेपर' (१९६७) पहिला होता. २०२० साली नव्याने कौल घेतला तेव्हा तो चोविसाव्या जागी गेला आणि मार्विन गे याचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) सहाव्यावरून पहिला झाला. मधल्या काळात दोन्ही ध्वनिमुद्रणांतील एकही सूर बदललेला नव्हता. बदलले ते मत देणारे. हे वाचून आम्हांला धीर आला.

डिलन गेल्यावर पाचव्या जागी जे नाव आले, ते पाहून मुले हसली : जिम रीव्हज. तो मुळात कंट्री परंपरेतला. पण १९६० साली त्याचे 'हील हॅव टू गो' अमेरिकेच्या पॉप यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले होते, तेवढ्या आधारावर आम्ही त्याला आत घेतो. मुंबई, वसई, गोवा येथील ख्रिस्ती घरांत वाढलेल्या आमच्या पिढीत हा आवाज न ऐकलेला मनुष्य विरळा. १९६४ साली विमान अपघातात तो गेला, आमच्या जन्मापूर्वीच. तरीही आमच्या घरी नाताळ यायचा तो त्याच्या आवाजाने. मायक्रोफोनच्या अगदी जवळ ओठ नेऊन, आवाज मुळीच न चढवता तो गाई. जणू शेजारच्या खोलीत कोणी निजले आहे.

फ्रेडी मर्क्युरी नाही म्हणून काही वाचक रुष्ट होतील. झांजिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तेथेच 'द हेक्टिक्स' या शाळकरी वाद्यवृंदात वाजवू लागला. परंतु आपल्या मुलखात वाढला म्हणून गुण वाढवून देणे परीक्षकाला शोभत नाही. क्वीनचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (१९७५) थक्क करते. थक्क होण्यासाठी मात्र मनुष्य रोज परत जात नाही.

चौथे बीटल्स, त्यांच्याविषयी नवे काय लिहावे? तिसरा स्टीव्ही वंडर. 'सुपरस्टिशन' (१९७२) मधील ड्रम आणि क्लॅव्हिनेट या दृष्टिहीन कलावंताने स्वतःच वाजविले आहेत. त्याचा आनंद भाबडा नाही, कारण पुढच्याच वर्षी 'लिव्हिंग फॉर द सिटी'मध्ये त्याने एका कृष्णवर्णीय तरुणाची महानगरात झालेली नागवणूक गायिली.

खरी अडचण पॉल सायमनपाशी आली. १९८६ सालची त्याची 'ग्रेसलँड' ही ध्वनिमुद्रिका आम्ही महाविद्यालयीन वयात कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. १९८४ साली दक्षिण आफ्रिकी संगीताची एक कॅसेट त्याच्या हाती पडली आणि पुढच्या वर्षी तो थेट जोहान्सबर्गला गेला. तेथील रे फिरी, बकिथी कुमालो अशा वादकांसह त्याने मुद्रण केले. कुमालोने 'यू कॅन कॉल मी अल'मध्ये वाजविलेला बास गिटारचा छोटासा तुकडा पाहा : त्याचा उत्तरार्ध म्हणजे पूर्वार्धच, फीत उलटी फिरवून जोडलेला. 'होमलेस' हे गीत तर त्याने लेडीस्मिथ ब्लॅक माम्बाझो या गानवृंदाच्या जोसेफ शबालालासह रचले. पण वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी १९८० साली सांस्कृतिक बहिष्काराचा ठराव केलेला होता. तो डावलल्याबद्दल सायमनवर कठोर टीका झाली. त्याने वादकांना न्यूयॉर्कच्या दराच्या तिप्पट मोबदला दिला, ह्यू मासेकेला आणि मिरियम मकेबा हे निर्वासित कलावंत १९८७ साली त्याच्यासह दौऱ्यावर गेले, हेही खरे. तरी त्याच्या गीतांत त्या देशाचे दुःख जवळजवळ नाहीच. आहे ती न्यूयॉर्कच्या एका मध्यमवयीन गृहस्थाची तगमग. आम्ही विचारपूर्वक त्याला पहिल्यावरून दुसऱ्या जागी उतरविले.

आणि मग आठवण झाली. जिम रीव्हजही दक्षिण आफ्रिकेत गेला होता. तो तेथे आफ्रिकान्स भाषेत गायिला. १९६३ सालचा त्याचा 'किंबर्ली जिम' हा चित्रपट तिथलाच. वर्णभेदाचे धोरण १९४८ पासून राबविले जात होते. संयुक्त राष्ट्रांचा ठराव नंतरचा, हे मान्य. परंतु सायमनला उलटतपासणीसाठी उभे करताना रीव्हजला साधा प्रश्नही विचारावा असे आमच्या मनात आले नाही. बालपणीच्या आवाजाला आम्ही झडतीविना आत सोडले होते. एकाला दंड आणि दुसऱ्याला माफी, हा न्याय नव्हे. सायमनचा दंड आम्ही मागे घेतला आणि दोन दिवस तो पुन्हा पहिला राहिला.

तिसऱ्या दिवशी अरीथा फ्रँकलिनने त्याला खाली बसविले, तेही निव्वळ गाण्याच्या बळावर. ओटिस रेडिंगने १९६५ साली गायिलेले 'रिस्पेक्ट' हे पुरुषाचे मागणे होते. दोन वर्षांनी अरीथाने तेच स्त्रीचे केले, आणि त्या शब्दाची अक्षरे एकेक करून उच्चारणे ही भर तिची. १९७२ सालच्या जानेवारीत लॉस एंजेलिसमधील एका बाप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री तिने भक्तिगीते गायिली. त्यांतील 'अमेझिंग ग्रेस' दहा मिनिटांहून अधिक चालते. एकेका शब्दाभोवती ती अशी घोटाळत राहते की पुढचा शब्द येईल की नाही याची धास्ती वाटावी. या प्रसंगाचा चित्रपटही घेतला होता. पण चित्र आणि ध्वनी जुळेनात, म्हणून तो पडून राहिला आणि तिच्या निधनानंतर २०१८ साली लोकांपुढे आला. त्यात ती पियानोवर बसून गात असताना तिचे वडील, स्वतः धर्मोपदेशक, पुढे येतात आणि तिच्या चेहऱ्यावरचा घाम पुसतात. तिचे गाणे थांबत नाही.

तेव्हा पहिले नाव शाईने लिहिले आहे. पाचव्यापुढे मात्र पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे, आणि कागद अजून मुलांना परत दिलेला नाही.