अर्जाची भाषा आणि गिरणीतील काळ

मराठी कामगार-साहित्याची चर्चा बहुधा मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) या कादंबरीपासून सुरू होऊन नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहापाशी स्थिरावते. या मांडणीत विद्रोह हा मूल्यनिकष गृहीत धरलेला असतो. परिणामी, विनंतीच्या स्वरातील संहितांना तेथे जागा उरत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणीकामगारांनी १८८४ साली फॅक्टरी कमिशनसाठी केलेला अर्ज हे याचे ठळक उदाहरण होय. इतिहासलेखनात तो पुरावा म्हणून येतो. संहिता म्हणून त्याचे वाचन क्वचितच होते.

अर्जातील बहुतेक मागण्या परिचित आहेत: रविवारची पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, गंभीर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार. थांबून वाचावी अशी मागणी कामाच्या वेळेची आहे. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे, असे अर्जदार म्हणतात. दिवसाच्या एका टोकाला घड्याळ आणि दुसऱ्या टोकाला सूर्य, अशी ही विलक्षण रचना आहे. तिला शेतकरी मनाचा अवशेष मानणे सोपे, पण अपुरे आहे. उन्हाळ्यात या हिशेबानेही दिवस बारा तासांहून मोठाच होतो. म्हणजे येथे मोजकेपणाचा आग्रह नाही, मर्यादेचा आहे. गिरणीचे घड्याळ मालकाच्या ताब्यात होते, मावळती नव्हती. ही मर्यादा किती ठिसूळ होती हे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले तेव्हा कळले. सूर्यास्त निरर्थक झाला, कामाचा दिवस लांबला आणि प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची कायदेशीर मर्यादा यायला १९११ चा कायदा उजाडावा लागला.

लोखंडे यांच्या संघटनेविषयी १८९० नंतरच्या सरकारी अहवालात नोंदवलेले मत पुढे जवळजवळ सिद्धांत बनले: तिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत, म्हणून ती संघटनाच नव्हे. वस्तुस्थिती म्हणून हे बहुतांशी खरे असावे. पण यादी नव्हती असे म्हणताना अर्जाखालील सुमारे ५,५०० सह्यांचे काय करायचे? सही करणारा सभासद नसतो, हा आक्षेप मान्य आहे. तरीही वर्गणीच्या पावतीआधी 'आम्ही' हे सर्वनाम घडावे लागते, आणि ते या कागदावर घडलेले दिसते. लोखंडे सत्यशोधक आणि १८८० पासून 'दीनबंधु'चे चालक. छापील अक्षराने समूह कसा जमतो याची त्यांना जाण होती. अर्थात हा 'आम्ही' आपल्यापर्यंत प्रामुख्याने इंग्रजी अहवालांतून पोहोचतो. त्यातील स्वर कोणाचा आणि मसुदेकाराची शैली किती, हा प्रश्न सोडवल्याखेरीज त्याला 'कामगाराचा आवाज' म्हणण्याची घाई करू नये.

अशा घाईचा एक नमुना रविवारच्या मागणीभोवती आढळतो. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून लोखंडे यांनी सुटी मागितली, असे वारंवार सांगितले जाते. ही कथा लोभस आहे. परक्या पंचांगातील वार ती आपला करून टाकते. पण १८८४ च्या मागण्यांत खंडोबाचे नाव नाही. तेथे फक्त विश्रांती मागितली आहे, तीही देवाच्या आधाराविना, आणि मला हा कोरडेपणाच अधिक धीट वाटतो. लोकस्मृतीला मात्र निव्वळ विश्रांतीचा हक्क पुरेसा वाटलेला दिसत नाही.

साप्ताहिक सुटी गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. त्याआधी एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली होती आणि तीत दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली, एवढे वृत्तांतांतून कळते. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली, तेव्हा त्या 'संरक्षणास पात्र' अशा तृतीयपुरुषी कर्मपदात गेल्या. सभेत त्या प्रथमपुरुषी कर्त्या होत्या. त्या काय बोलल्या याचा शोध घ्यायचा तर अर्ज, वृत्तांत आणि साक्षी यांच्या वाचनपद्धतीवर काम करावे लागेल, आणि ते समीक्षेचे काम आहे.